मिठाएवढं

ब्रेझांडच्या वाळूत माझे बाबा, सीब्रांड,
जूनमध्ये कंद काढायला गुडघ्यांवर उतरायचे
आणि ओळीच्या शेवटी उठताना
डावं पाऊल तिथंच विसरून यायचे.
म्हणजे पाऊल असायचं, बुटात, जागेवर;
फक्त उचलायला गेलं की बोटं खालीच.
मग महिनाभर फरशीवर त्यांचा आवाज:
एक पाऊल, एक फटका.
एक पाऊल, एक फटका.

आजोबांचंही असंच. आणि आफके आत्या
खिडकीत कोपर टेकून शेजारणीशी बोलली
की करंगळी आठवडाभर परकी.
गाव म्हणायचं, नाजूक घराणं.
गाव म्हणायचं, आळस, दुसरं काय.
हायसिंथची पोती उपसली की अंगभर खाज सुटायची,
पावलाची पाठ तेवढी गप्प.
बाबा म्हणायचे, बरंय, तेवढा तुकडा तरी सुखात.

मी लायडनला, तळघरात, यंत्रापाशी.
अंधार, हिरवट पडदा, पंप घरघरतोय.
लोकांच्या पोटरीतून आलेला नसेचा तुकडा
मी हिऱ्याच्या पात्यानं कापते,
इतका पातळ की पाण्यावर तरंगताना
त्याचा नुसता रंग दिसतो.
लांबून जो दोर वाटतो
तो जवळून हजार धागे असतो.
धाग्यापाशी बसलेली श्वान पेशी.
शोधणाऱ्याचं आडनाव, पण ती नावाला जागते:
बसण्याआधी कुत्रं जसं जागेभोवती फिरतं
तशी धाग्याभोवती फिरत राहते, फिरत राहते,
स्वतःलाच गुंडाळून टाकते त्याच्यावर,
मिलिमीटरभर धाग्यासाठी अख्खा जन्म.

वेढ्याला वेढा धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव शून्य.
कुणी ठेवलं असेल?
मायलिनमधलं निम्मं प्रथिन तर तेच,
पापुद्र्यांच्या मधोमध हातात हात घालून उभं,
आणि नाव शून्य.
आतल्या अंगाला दुसरं एक,
पेशीतला रस पिळून पाठीला पाठ लावणारं.
आणि थोडंसं, भाजीत मिठाएवढं, तिसरं.
त्याला तर नावही नाही, वजनाचा आकडा:
बावीस.

तुकड्यांवर नावं नसतात, फक्त क्रमांक.
पण त्या मंगळवारी कुणाची पोटरी टाके घालून
घरी गेली होती, ते मला माहीत होतं.
पडद्यावर मायलिन स्वतःवरच दुमडलेलं,
उगाच जाड, धाग्यावर सॉसेजसारख्या गाठी.
भरपूर दिसत होतं. धरत काहीच नव्हतं.
गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर
जिथं नस कातडीखाली उघडीच असते,
तिथं ओळभर वाळूचा दाब, आणि संपलं.

रक्ताचा कागद नंतर आला:
सतराव्या जोडीतल्या एकावर बावीसचा मजकूरच नाही.
म्हणून माप अर्धं.

दवाखान्याच्या बाकावर रॉटरडॅमचा एक मुलगा होता,
फ्लोरिस, उंच कमानीच्या पावलांचा,
पिंढऱ्या बगळ्यासारख्या.
त्याच्याकडे तोच मजकूर तीनदा.
त्याची नस कापली तर कांदा दिसतो,
थरावर थर, निकामी थर.
बाबा मोठ्यानं हसले. कांदा!
आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या कंद उपसतोय!
मग गप्प झाले, आणि खिशातलं पेपरमिंट
त्याच्या हातावर ठेवलं.
ते त्याला चिमटीत धरता येईना.

आता बाबा चाकांच्या बुटक्या पाटावर बसून
ओळीतून स्वतःला ढकलत जातात.
संध्याकाळी जेवायच्या आधी
गुडघ्याच्या बाहेर बोटानं टकटक करतात,
दार वाजवावं तशी,
आणि मान वाकडी करून थांबतात.

माझं पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, हातमोज्यांखाली.
तू उघडलंस का, ते विचारत नाहीत.
फक्त बटाटे वाढता वाढता टेबलाखाली बघतात,
आणि मी एकावर एक टाकलेले पाय
वेगळे करते.